एकाच गाडीचा धूर

सव्वीस वर्षं मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मी कुणाच्या हातात पाना देत नसे. आधी गोष्ट सांगायचो, एका जर्मन मोटार कंपनीची. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना गाड्यांतलं थोडंफार कळतं त्यांना ते ओळखू येईल आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडणार नाही.

गोष्ट अशी होती. तिथल्या हुकूमशहाला सामान्य माणसाची गाडी हवी होती. लोकांनी दर आठवड्याला एक तिकीट विकत घ्यायचं, वहीत चिकटवायचं, वही भरली की गाडी मिळायची. लोकांनी वह्या भरल्या. मध्येच लढाई लागली आणि गाडी कुणालाच मिळाली नाही. लढाईनंतर त्या पडक्या कारखान्यात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने काम पुन्हा सुरू करवलं, आणि तिथून ती गोल पाठीची, मागे इंजिन असलेली छोटी गाडी जगभर गेली. एवढं सांगून झालं की मी फळ्याकडे वळायचो आणि लिहायचो, 'इंजिन खोटं बोलत नाही.' हे वाक्य माझं होतं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. काहींनी पुढे आपल्या गॅरेजच्या पाटीवरही रंगवलं.

एका वर्षी मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. मुकुटबनकडच्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, आलेला, बोलायला कमी, हाताने फार हुशार.

"सर, लढाई होती तवा तिथले माणसं तं लढाईवर गेले असन. मंग कारखान्यात काम कोनं केलं?"

मला उत्तर माहीत होतं. एका जाड पुस्तकात मी ते वाचलं होतं. पकडून आणलेली माणसं, कैदी, परक्या मुलखातले मजूर, बायकाही. त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवून काम करवून घेतलं होतं. ते सांगितलं असतं तर माझी गोष्ट बिघडली असती.

"कामगारांनी," मी म्हणालो. "अभ्यासक्रमात नाही ते."

तो खाली बसला. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच माणसाबद्दल आहे. त्याला मी काय शिकवलं आणि त्याच्याशी कसा वागलो, हे दोन्ही मला सांगायचं आहे.

मी वणीत राहतो. कोळशाच्या गावात धूळ हा बोलायचा विषय नसतो. पांढरे कपडे घरात वाळवायचे, एवढं लग्न होऊन आलेल्या बायकोला पहिल्याच महिन्यात कळलं. खाणीच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतातला कापूस काळपट निघतो आणि व्यापारी तो ढीग बाजूला काढायला लावतात. ट्रकांची रांग मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुटत नाही. या ट्रकांना धुराचं प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, लागतं. म्हणून चंद्रपूर रोडवर टिनाचं एक शेड घेऊन मी पीयूसी केंद्र काढलं. मी सरकारी नोकर, त्यामुळे परवाना बायकोच्या नावावर. मशीन चालवायला ऑपरेटर हवा होता. कोर्स पूर्ण करून तो विद्यार्थी तेव्हा काम शोधत होता. त्याला बोलावलं. मशीनमध्ये ऑपरेटर म्हणून त्याचं नाव गेलं आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर त्याची सही येऊ लागली.

पहिले काही दिवस आम्ही नियमाने काम केलं. डिझेल गाडी तपासायची म्हणजे नळी सायलेन्सरमध्ये घालायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिन किती जोरात फिरलं आणि धूर किती काळा निघाला, हे दोन्ही मशीन नोंदवतं. कोळशाचे बहुतेक ट्रक नापास होऊ लागले. एक ड्रायव्हर उतरून माझ्या अंगावर आला.

"सरजी, धूर पाहाले आलो का मी इथं? धूर तं रोजच पाहून राह्यलो. कागद द्या."

"इंजिनचं काम करून आण, मग देतो."

"काम मालक करन. मालक नागपुरात. तुमी इथं. समोरच्या सेंटरवाला पाच मिनिटात देते, तुमाले काहून कथा लागते?"

तो समोरच्या सेंटरवर गेला. त्याच्या मागे रांग गेली.

पुढचं मी स्वतःच्या डोक्याने केलं. ते विद्यार्थ्याच्या डोक्यातून आलं नव्हतं. मला ते करायला कुणी भाग पाडलं नव्हतं. त्या वर्षी मी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून त्याच जर्मन कंपनीची डिझेल गाडी जुनी घेतली होती. करड्या रंगाची, तिचं इंजिन असं गुळगुळीत की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर हलू नये. आयुष्यभर जिची गोष्ट सांगितली ती गाडी दारात आली तेव्हा बायकोने ओवाळलं आणि मी, सांगायला लाज वाटते, डोळे पुसले. एका दुपारी ती गाडी मी शेडच्या मागे उलटी लावली. टिनाच्या फटीतून मशीनची नळी बाहेर काढली आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातली. समोर ट्रक उभा राहायचा, कॅमेरा त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा. मागे माझ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला जायचा आणि कागदावर धूर तिचा छापला जायचा.

रांग परत आली.

विद्यार्थी पहिल्या दिवसापासून सांगितलं तसं करत गेला. काही दिवसांनी संध्याकाळी गाडीच्या चाव्या मला परत देताना म्हणाला, "सर, इले जरा आराम द्या. बिचारी दिवसभर एकटीच सगळ्यायच्या नावानं खोकलून राह्यली."

मी हसलो. तोही हसला. त्या हसण्यात मी त्याला सामील करून घेतलं, असं मला तेव्हा वाटलं.

मग एक दिवस पेपरात ती बातमी आली. जर्मन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत एक प्रोग्राम बसवला होता. गाडी तपासणीच्या मशीनवर उभी आहे हे त्या प्रोग्रामला कळायचं. चाकं फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही, म्हणजे परीक्षा चालू आहे. तेवढ्यापुरती गाडी सभ्य व्हायची, आणि रस्त्यावर आली की विषारी वायू कित्येक पटींनी सोडायची. तो वायू आमच्या साध्या मशीनला दिसतसुद्धा नाही. आमचं मशीन फक्त काळेपणा बघतं.

मी आयटीआय सुटल्यावर शेडवर गेलो तर त्याने पेपर टेबलावर उघडून ठेवला होता.

"सर, गाडीले समजते म्हनते. आपली परीक्षा सुरू हाय म्हून."

"वाचलं मी."

"लय हुशार लोक. आपल्या इथं तं गाडीले समजाची बी गरज नाही." मग त्याने दोन प्रमाणपत्रं माझ्यासमोर ठेवली. "अन् हे पाहा. इंजिन किती फिरलं, थो आकडा पाहा. ट्रकचं इंजिन इतकं फिरते का? तुमीच शिकवलं. आकडा गाडीचा छापून येऊन राह्यला, सर."

बरोबर होतं. ट्रकचं मोठं इंजिन हळू फिरतं, छोट्या गाडीचं त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे मी दर वर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहायचो, परीक्षेत विचारायचो. आणि माझ्याच केंद्रातून निघालेल्या प्रत्येक कागदावर कोळशाचा ट्रक मोटारीच्या वेगाने फिरत होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मंग बंद करू काय?" त्याने विचारलं.

हा प्रश्न त्याने मला सरळ विचारला होता. तो मी विसरलो नाही, विसरण्याचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला.

"छापलेला आकडा वाचतो कोण?" मी म्हणालो. "चालू ठेव. तुझी डेपोतली भरती होईपर्यंत तर चालू ठेव."

सरकारी बसडेपोत मेकॅनिकच्या जागा निघाल्या होत्या. त्याने परीक्षा दिली होती, यादीत त्याचं नाव लागलं होतं. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. त्यांच्या पोडावरून सरकारी नोकरीत जाणारा तो पहिला ठरणार होता. बायकोने त्याला बोलावून पुरणपोळी खाऊ घातली होती.

काही आठवड्यांनी पेपरात पुढची बातमी होती. कंपनीच्या वरच्या साहेबांचं म्हणणं आलं होतं की हे खालच्या मोजक्या इंजिनिअरांचं काम आहे, वर कुणाला माहीत नव्हतं. मला खरोखर संताप आला. मी बायकोला वाचून दाखवलं. "बघ, खालच्यावर ढकलून मोकळे झाले. मोठी माणसं सगळीकडे सारखीच."

ती तांदूळ निवडत राहिली. 

तपासणी पथक आलं ते भर दुपारी. आयटीआयला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी शेडवरच होतो. परिवहन खात्याच्या एक मॅडम, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढ्या, हातात छापील कागदांचा गठ्ठा. त्यांनी आधी शेडच्या मागे जाऊन पाहिलं. माझी जर्मन गाडी चालू होती, नळी तिच्या सायलेन्सरमध्ये होती आणि समोर कोळशाने भरलेला ट्रक इंजिन बंद करून उभा होता. ट्रकचा ड्रायव्हर चहा पीत होता.

मॅडम परत पुढे आल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"सर, तुम्ही मोटार मेकॅनिक शिकवता ना?"

"हो."

"मग हा आकडा बघा. ट्रकचं इंजिन एवढं फिरतं का?"

मी कागद हातात घेतला. बघायला तिथे नवीन काही नव्हतं. विद्यार्थी मशीनजवळ उभा होता. मला एकच गोष्ट दिसत होती. सरकारी नोकर असून बायकोच्या नावाने धंदा, वर हे. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, गावात 'सर' म्हणणारं कुणी राहणार नाही.

"मॅडम, मी दिवसभर वर्गात असतो," मी म्हणालो. "ऑपरेटर काय करत होता याची मला कल्पना नव्हती."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "काय रे? तू करत होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, मला शिवी देईल, निदान 'सर' तरी म्हणेल. त्याने मागे जाऊन गाडी बंद केली. नळी काढली, फडक्याने तिची काजळी पुसली आणि ती जागच्या जागी खुंटीला अडकवली. मी त्याला तसंच शिकवलं होतं. काम संपलं की हत्यार पुसून जागेवर.

"सही माझीच हाय, मॅडम," तो म्हणाला.

केंद्र बंद झालं. तक्रार ऑपरेटरच्या नावाने झाली. माझ्या बायकोला परवानाधारक म्हणून समज दिली गेली, माझं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

आठवड्याभराने तो घरी आला. पडताळणीत तक्रार निघाली होती आणि डेपोने त्याची नेमणूक थांबवली होती. त्याने खिशातून एक कोरा कागद काढला.

"सर, दोन ओळी लिहून द्या. मी सांगतलेलं काम केलं, एवढंच. तुमी सांगतलं असं नोका लिहू. मालकानं सांगतलं, इतकंच लिहा."

मालक म्हणजे कागदोपत्री माझी बायको. त्याने मला वाचवायची वाटसुद्धा शोधून आणली होती. पण एकदा मालक आला की चौकशी आली, आणि चौकशी आली की मी आलोच. मी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. त्याच्या आईची तब्येत विचारली. पोडावर पाणी आलं का विचारलं. चहा आला, तो त्याने प्यायला. मग म्हणालो, "बघतो. जरा वातावरण निवळू दे."

तो कागदाची घडी करून गेला. दार लावून बायको आत आली. ती बाहेरच्यांशी शुद्ध बोलते, माझ्याशी कधीच नाही.

"द्याचं असन तं द्या लिहून. नसन द्याचं तं नोका देऊ," ती म्हणाली. "पन दुसऱ्यांदा त्याले चहा पाजून बसवू नोका. मी ठेवनार नाही."

मी लिहून दिलं नाही. नेमणूक रद्द झाली.

यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत काहीच झालं नाही. त्या जर्मन कंपनीचे साहेब बदलले, खटले चालले, दंड भरले गेले. गाड्या विकल्या जातच आहेत. आजही वणीच्या चौकात कुणी माझ्या गाडीच्या बोनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "काही म्हना सर, जर्मन माल तो जर्मन माल." माझंही तसंच चाललं. संस्थेने मला उत्कृष्ट निदेशकाचं प्रशस्तिपत्र दिलं. ते मी घेतलं आणि बैठकीत लावलं. पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगणं मात्र मी बंद केलं. अभ्यासक्रमात नाही, असं आता स्वतःलाच सांगत होतो.

तो मुकुटबनच्या रस्त्यावर मोटारसायकली दुरुस्त करतो, हे मला इतर विद्यार्थ्यांकडून कळायचं. हात चांगला आहे, पांढरकवड्याहून लोक येतात, असं सांगायचे. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी दुसरी वाट धरायचो.

या वर्षी मी निवृत्त होतो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी मी बसून ते निवेदन लिहिलं. केंद्र माझं होतं, युक्ती माझी होती, ऑपरेटरने बंद करू का असं विचारलं होतं आणि मी चालू ठेव म्हणालो होतो. सगळं खरं लिहिलं. फक्त तारीख त्या वर्षाची टाकली. तो घरी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी मनाला समजावलं की जुन्या तारखेचा कागद त्याला जास्त उपयोगी पडेल. खरं कारण ते नव्हतं. मी तेव्हाच लिहिलं होतं, हिंमत झाली नाही म्हणून दिलं नाही, असं त्याला वाटावं अशी माझी इच्छा होती. भित्रा चालेल, पण तेवढा वाईट नाही, असं.

मी तीच गाडी घेऊन मुकुटबनला गेलो. तो उकिडवा बसून एका मोटारसायकलची चेन काढत होता. केस कानाजवळ पांढरे झाले होते. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खोकते का अजून?" त्याने विचारलं.

"चालते."

मी कागद दिला. त्याने हात फडक्याला पुसले आणि उभा राहून वाचला. सावकाश वाचला, दोनदा वाचला.

"ही तारीख, सर?"

"तेव्हाच लिहून ठेवलं होतं रे. द्यायचं राहून गेलं."

त्याने कागद पुन्हा वर धरला, पण मजकुराकडे पाहिलं नाही. तो संस्थेचा छापील कागद होता, वर संस्थेचं नाव असलेला. आमच्या संस्थेचं नाव मागच्याच वर्षी बदललं. नवी पाटी लागली, नवे शिक्के आले, नवे कागद छापून आले. मी कपाटातून त्यातलाच एक काढला होता.

"तवा आयटीआयचं हे नाव नव्हतं," तो म्हणाला.

 शेजारी बसलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे बघत होतं.

"सर, तुमी पुन्हा आकडा गाडीचाच छापला."

तो हसला नाही, रागावलाही नाही. तो राग त्याने कधीच वापरून संपवला असावा. कागद त्याने मला परत दिला.

"मले याचा उपयोग नाही. भरतीचं वय निघून गेलं. लिहाचं असन तं तुमच्यासाठी लिहा. पन आजची तारीख टाका. अन् मले कायले देता? ऑफिसात द्या."

दुकानातल्या बाकावर बसून मी ते पुन्हा लिहिलं, त्याच्याच वहीतून फाडलेल्या कोऱ्या पानावर. त्या दिवशीची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन एक प्रत परिवहन कार्यालयात दिली, एक आमच्या प्राचार्यांना. आवक खिडकीवरच्या बाबूने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, फाईल बंद झाली थे. रिटायरमेंट आली तुमची. आता कायले उकरता?"

"शिक्का मारा."

"पेन्शन अडकन."

"शिक्का मारा बाबू. तारीख स्पष्ट उमटू द्या."

पेन्शन अडकली आहे. चौकशी होईल म्हणतात. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं," आणि बैठकीतलं प्रशस्तिपत्र काढून कपाटावर ठेवलं. त्याच्या आयुष्यात माझ्या शिक्क्याने काडीचा फरक पडलेला नाही, पडणारही नाही. डेपोतली ती जागा दुसऱ्या कुणीतरी केव्हाच भरली आणि तिथे तो माणूस आता हेड मेकॅनिक झाला असेल.

शिक्का मारलेल्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी आणखी एकदा मुकुटबनला गेलो. यावेळी बसने. त्याने झेरॉक्स घेतली आणि फक्त खालच्या कोपऱ्यातला शिक्का पाहिला. बाकीचं त्याला माहीत होतं. घडी करून त्याने ती नटबोल्टच्या डब्याखाली सरकवली.

"बसू का थोडा वेळ?" मी विचारलं.

"बसा नं."

मी बाकावर बसलो. तो चेनला तेल लावत राहिला. पलीकडेच चहाची टपरी होती, टपरीवाल्याने दोनदा आमच्याकडे पाहिलं. विद्यार्थ्याने चहा सांगितला नाही.